यूरींचा थंड चंद्र

विज्ञान शाखेतून गेलेल्या बहुतेकांना हॅरॉल्ड क्लेटन यूरी हे नाव दोनदा भेटलेलं असतं. एकदा रसायनशास्त्राच्या तासाला, जड हायड्रोजनचे म्हणजे ड्यूटेरियमचे शोधक म्हणून. आणि एकदा जीवशास्त्राच्या तासाला, मिलर-यूरी प्रयोगातलं जोडनावाचं दुसरं टोक म्हणून. ही दोन वेगळी माणसं असावीत असंच पुष्कळांना वाटतं. माणूस एकच. आणि या माणसाच्या आयुष्यातलं तिसरं प्रकरण, जे पाठ्यपुस्तकात येत नाही आणि मला सर्वांत मोलाचं वाटतं, ते चंद्राचं. वीस वर्षं त्यांनी चंद्राविषयी एक मत उराशी बाळगलं. त्या मताच्या जोरावर एका बलाढ्य देशाच्या अंतराळ संस्थेला चंद्राकडे वळवण्यात हातभार लावला. आणि तिथून दगड आले तेव्हा त्या दगडांनी नेमकी यूरींच्याच विरुद्ध साक्ष दिली. त्या वेळी त्यांचं वय होतं ७६.

मी शास्त्रज्ञ नाही. उमेदीचा सगळा काळ बँकेत गेला आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. पण या गोष्टीत आकडे आहेत आणि माणूस आहे, म्हणून तिच्यावर माझाही थोडा हक्क आहे असं मी धरून चालतो.

यूरींचा जन्म २९ एप्रिल १८९३ चा, इंडियाना राज्यातल्या वॉकरटन या लहान गावातला. वडील शाळामास्तर आणि ब्रेदरन पंथाचे धर्मोपदेशक. हा पंथ युद्धाला पाप मानणारा. हॅरॉल्ड सहा वर्षांचे असताना वडील क्षयानं गेले. पुढं कॉलेजला जायचं तर पैसा नव्हता, म्हणून शाळा संपताच हा मुलगा स्वतःच खेड्यातला मास्तर झाला. आधी इंडियानात, मग दूर पश्चिमेला मोंटानात. तिथल्या विद्यापीठात ते दाखल झाले तेव्हा एकविशी आली होती. तंबूत राहून अभ्यास करायचा आणि सुटीत रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या टोळीत मजुरी करायची, असा क्रम. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहातून वर आलेल्या माणसाला यात काही नवल वाटायचं नाही. १९१७ साली पदवी मिळाली ती प्राणिशास्त्राची. नदीच्या साचल्या पाण्यातले एकपेशीय जीव हा त्यांच्या पहिल्या संशोधनाचा विषय. तेवढ्यात अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि युद्धाला लागणारी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांना काम मिळालं. युद्धाला पाप मानणाऱ्या घरातला हा मुलगा रसायनशास्त्राकडे वळला तो युद्धामुळे. पुढंही त्यांच्या बाबतीत असं घडायचं होतं.

बर्कलीला डॉक्टरेट, मग कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे वर्षभर, मग बाल्टिमोर आणि १९२९ पासून न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. इथं ते नाव मिळवून देणारा शोध लागला. त्याची हकीकत थोडी सविस्तर सांगतो, कारण चंद्राची गोष्ट समजायला ती उपयोगी पडते.

१९३१ साली बर्ज आणि मेंझेल या दोघांनी एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. हायड्रोजनचा अणुभार दोन वेगळ्या पद्धतींनी काढला तर दोन उत्तरांचा मेळ बसत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. फरक अगदी सूक्ष्म. पण नेहमीच्या हायड्रोजनमध्ये साडेचार हजारांत एक या प्रमाणात दुप्पट वजनाचा हायड्रोजन मिसळलेला असेल तर मेळ बसतो. यूरींनी हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवसापासून असल्यासारखे ते त्याच्या मागे लागले. वॉशिंग्टनला ब्रिकवेड नावाच्या मित्रानं काही लिटर द्रव हायड्रोजन हळूहळू उडवून लावला आणि तळाशी उरलेला घोटभर नमुना न्यूयॉर्कला पाठवला. हलका आधी उडतो, जड मागे राहतो, एवढंच तत्त्व. आपली दुधाची साय आटवण्याइतकं साधं. सहकारी जॉर्ज मर्फी आणि यूरी त्या नमुन्याचा वर्णपट काढत बसले. जड हायड्रोजनची रेषा कुठं पडली पाहिजे हे बोर यांच्या सिद्धांतावरून आधीच मांडलेलं होतं. १९३१ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, ती तिथं स्पष्ट सापडली. घरी सणाचं जेवण खोळंबलेलं, आणि हे उशिरा पोचले ते आता आपल्या सगळ्या चिंता मिटल्या हे पत्नीला सांगत.

१९३४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या यूरींना मिळालं. ते स्वीकारायला त्या डिसेंबरात ते स्टॉकहोमला गेले नाहीत. पत्नी फ्रीडा बाळंत व्हायची होती. पैशाचा वाटा त्यांनी ब्रिकवेड आणि मर्फी यांना दिला. त्याच सुमारास संशोधनासाठी मिळालेल्या एका अनुदानातली निम्मी रक्कम त्यांनी इसिडॉर राबी या तरुण पदार्थविज्ञान्याला देऊन टाकली होती, आणि राबींनी पुढं १९४४ मध्ये स्वतःचं नोबेल मिळवलं. मंजूर झालेल्या पैशातला अर्धा भाग दुसऱ्याच्या खात्यावर आपणहून वळवणारा माणूस मी नोकरीच्या काळात पाहिला नाही.

आता खरी गंमत. पुढं १९३५ मध्ये असं निघालं, की ज्या अणुभाराच्या आकड्यावरून हा सगळा शोध सुरू झाला तो आकडाच जरा चुकीचा होता. बरोबर आकडा घेतला तर दोन उत्तरांचा मेळ आधीच बसत होता. म्हणजे बर्ज-मेंझेल यांचं टिपण लिहिलं गेलंच नसतं आणि यूरी शोधाला लागलेच नसते. जड हायड्रोजन मात्र खरा होता. सुमारे साडेसहा हजार अणूंमागे एक. ही गोष्ट यूरींनी लपवली नाही, जाहीरपणे नोंदवली. नोंद चुकीची आणि शिल्लक बरोबर, असं जमाखर्चात झालं तर तपासनीसाची झोप उडते. इथं त्याचं नोबेल झालं.

या जड हायड्रोजनचं पाणी आपल्या दारात आहे. रायगड जिल्ह्यातल्या थळला जड पाण्याचा कारखाना आहे आणि तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या संचांना जड पाणी लागतं.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल मी थोडक्यातच लिहितो. समस्थानिकं वेगळी करण्यात यूरींचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून अणुबाँबच्या प्रकल्पात युरेनियम वेगळं करण्याच्या कोलंबियातल्या कामाचं प्रमुखपद त्यांच्याकडे आलं. त्यांना ते मानवलं नाही. लष्करी अधिकाऱ्यांशी खटके, शेकडो माणसांचं प्रशासन, आणि मनाच्या तळाशी ब्रेदरन पंथाचे वडील. युद्ध संपण्याआधीच ते त्यातून बाजूला झाले आणि युद्धानंतर अणुशक्ती लष्कराच्या ताब्यात राहू नये म्हणून उघडपणे लढले. १९५३ मध्ये रोझेनबर्ग पतिपत्नींना हेरगिरीसाठी मृत्युदंड होऊ नये, पुरावा पटण्यासारखा नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या काळच्या अमेरिकेत असं लिहिणं म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणं होतं.

युद्धानंतर ते शिकागोला आले. पन्नाशी उलटलेली, नोबेल खिशात, आणि बाँबशी संबंध नको अशी मनाची ठाम तयारी. अशा वेळी माणसं समित्यांवर जातात. यूरींनी नवी विद्या शिकायला घेतली: भूविज्ञान. ऑक्सिजनचीही हलकी-जड रूपं असतात आणि समुद्रातला प्राणी कवच बांधताना पाण्याच्या तपमानाप्रमाणे ती वेगवेगळ्या प्रमाणात उचलतो. तेव्हा जुन्या कवचातलं प्रमाण मोजलं तर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं तपमान कळेल, अशी त्यांची कल्पना. त्यासाठी लागणारं यंत्र सॅम्युएल एपस्टाइन आदी सहकाऱ्यांनी शिकागोत घडवलं. ज्युरासिक काळातल्या एका माकुळासारख्या प्राण्याचं अश्मीभूत शेपूट घेऊन त्यांनी त्याचे एकावर एक थर तपासले. त्या जिवानं तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले आणि वसंतात तो मेला, असा निष्कर्ष १९५१ मध्ये निघाला. मी कादंबरीकार आहे. एवढ्या नेमकेपणानं एखाद्या पात्राचं मरण मला लिहिता आलेलं नाही. ऑक्सिजनच्या या मोजमापाची आठवण ठेवा, ते शेवटी परत लागणार आहे.

मिलर यांचा प्रयोग याच काळातला. स्टॅन्ली मिलर हा विद्यार्थी. काचेच्या बंद उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया, हायड्रोजन घालून ठिणग्या पाडल्या आणि काही दिवसांत अमिनो आम्लं तयार झाली. १९५३ मध्ये तो निबंध छापायला गेला तेव्हा यूरींनी स्वतःचं नाव काढून टाकलं; आपलं नाव राहिलं तर श्रेय सगळं आपल्याकडे येईल आणि पोराकडे काहीच जाणार नाही, हे ओळखून.

आणि मग चंद्र. १९४९ मध्ये राल्फ बाल्डविन या गृहस्थांचं चंद्राच्या पृष्ठभागावरचं एक पुस्तक निघालं. बाल्डविन खगोलशास्त्र शिकलेले, पण पोटासाठी घरचा यंत्रांचा धंदा सांभाळणारे. युद्धात दारूगोळ्यावर काम केल्यामुळे बाँब पडून झालेल्या खड्ड्यांची खोली-रुंदी त्यांना ठाऊक होती. चंद्रावरची विवरं त्याच प्रमाणात बसतात, तेव्हा ती ज्वालामुखीची तोंडं नसून बाहेरून येऊन आदळलेल्या दगडांचे व्रण आहेत, हे त्यांनी पटवून दिलं. खरं तर ग्रोव्ह गिल्बर्ट या भूशास्त्रज्ञानं हे १८९३ मध्येच, यूरींच्या जन्माच्या वर्षी, मांडलं होतं. कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. बाल्डविन यांचं पुस्तक यूरींच्या हाती पडलं आणि ते चंद्राचे झाले. १९५२ मध्ये ग्रहांच्या उत्पत्तीवर त्यांनी जो ग्रंथ लिहिला त्यात चंद्राला मानाचं पान आहे.

त्यांचं म्हणणं काय होतं? चंद्र मुळापासून थंड आहे, तो कधी पूर्ण वितळलाच नाही. पुरावे असे. चंद्र अगदी गोल नाही. त्याला जे फुगवटे आहेत ते आजच्या त्याच्या फिरण्याच्या वेगाशी जुळत नाहीत. आतून तापलेला, मऊ गोळा असता तर फुगवटे केव्हाच बसले असते. म्हणजे आत कडक, गार दगड असला पाहिजे. दुसरं, चंद्राची घनता पाण्याच्या ३.३४ पट, पृथ्वीची साडेपाच पट. चंद्रात लोखंड फार कमी. आणि त्या वेळच्या मोजणीप्रमाणे सूर्यातही लोखंड कमीच होतं. तेव्हा ज्या मूळ द्रव्यातून सूर्यमाला झाली त्याचा अस्सल नमुना पृथ्वी नव्हे, चंद्र आहे. पृथ्वीच्याही आधीचा, स्वतंत्रपणे तयार झालेला, आणि पुढं केव्हातरी पृथ्वीच्या ओढीत सापडलेला. पृथ्वीनं आपला जन्माचा दाखला वारा, पाऊस, ज्वालामुखी यांत गमावला. चंद्रानं तो सांभाळून ठेवला आहे. तो जाऊन वाचायचा.

हे चित्र इतकं देखणं आहे की आजही वाचताना ते खरं असावं असं वाटतं.

सगळ्यांना ते मान्य नव्हतं. शिकागोतच खगोलशास्त्रज्ञ गेरार्ड कायपर होते. चंद्र किरणोत्सारी उष्णतेनं आतून वितळला होता आणि त्यावरचे काळे डाग हे लाव्हाचे मैदान आहेत, असं त्यांचं मत. दोघांचं वाजलं, आणि ते छापील निबंधांतूनही लपलं नाही. पहिल्या उदारपणाच्या गोष्टी वाचून यूरी म्हणजे संतच, असं कुणाला वाटलं असेल तर त्यांनी हे भांडण लक्षात घ्यावं. मतभेदात ते कडवट होऊ शकत.

१९५८ मध्ये, पासष्टाव्या वर्षी, ते कॅलिफोर्नियातल्या ला होया इथं नव्या विद्यापीठात गेले. त्याच वर्षी नासा स्थापन झाली. संस्था नवी, रशियाचा स्पुटनिक डोक्यावरून फिरून गेलेला, आणि नेमकं करायचं काय यावर एकवाक्यता नाही. रॉबर्ट जॅस्ट्रो हा तरुण पदार्थविज्ञानी सल्ला विचारायला यूरींकडे गेला आणि चंद्राचं वेड घेऊन परतला. १९५९ च्या सुरुवातीला त्यानं यूरींना वॉशिंग्टनला वरिष्ठांपुढं नेलं. चंद्रावर यानं आदळवून छायाचित्रं घेण्याची रेंजर योजना या हालचालींतून उभी राहिली. माणूस चंद्रावर गेला तो मुख्यतः केनेडींच्या राजकारणानं, यात वाद नाही. पण चंद्र हा बघण्यासारखा दगड आहे, नुसता झेंडा रोवायचा टप्पा नाही, हे नासाच्या गळी उतरवणाऱ्यांत यूरी अग्रभागी होते.

१९६४ मध्ये रेंजर-७ नं आदळण्यापूर्वी चार हजारांहून अधिक चित्रं पाठवली. ती तपासणाऱ्या चमूत यूरी होते आणि कायपरही. चित्रांत प्रत्येकाला स्वतःचाच चंद्र दिसला. १९६८ मध्ये चंद्राच्या सपाट मैदानांखाली जड वस्तुमानाचे गठ्ठे आहेत असं आढळलं. यूरींना आनंद झाला. एवढं ओझं पेलायला खालचा पाया थंड आणि कडकच हवा.

पण दुसरीकडे पाया खचत होता. सूर्यातल्या लोखंडाचा जो आकडा सगळे वापरत होते, त्यामागची प्रयोगशाळेतली मोजमापं चुकीची निघाली. साठीच्या दशकाच्या अखेरीस तो आकडा कित्येक पटींनी वर गेला. म्हणजे चंद्र सूर्यासारखा नव्हताच. एका चुकीच्या आकड्यानं यूरींना नोबेलपर्यंत नेलं होतं, दुसऱ्यानं त्यांना वीस वर्षं चकवलं.

जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ नं साडेएकवीस किलो दगडमाती आणली आणि जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टनला शास्त्रज्ञांनी आपापले निकाल मांडले. काळे दगड बेसाल्टचे निघाले. आपला सह्याद्री ज्याचा आहे त्याच जातीचा, थिजलेल्या लाव्हाचा खडक. वय सुमारे पावणेचार अब्ज वर्षं. सूर्यमालेपेक्षा पाऊण अब्जानं धाकटं. पाण्याचा त्यांत मागमूस नाही. सोडियम-पोटॅशियमसारखी लवकर उडून जाणारी द्रव्यं फार कमी; सगळं जणू भट्टीतून काढलेलं. आणि मातीत सापडले पांढुरके कण, ॲनॉर्थोसाइट नावाच्या हलक्या खडकाचे. त्यावरून जॉन वुड आणि इतरांनी असा तर्क केला, की चंद्र सुरुवातीला वरून खोलवर वितळलेला होता, शिलारसाचा समुद्रच, आणि हलकी खनिजं सायीसारखी वर तरंगून त्याचं कवच झालं. जन्माचा दाखला थंड कपाटात जपून ठेवणारा चंद्र तो हाच. कपाट आधीच जळून गेलेलं.

यानंतर यूरींनी काय केलं, यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. नामवंत माणसाला मागे फिरणं किती जड जातं हे मी साहित्यात आणि बँकेत दोन्हीकडे पाहिलं आहे; बुडीत खातं वर्षानुवर्षं चालू दाखवत राहणारे हुशार लोक सगळीकडे असतात. यूरींनाही पळवाटा होत्या. एका ठिकाणचे साडेएकवीस किलो म्हणजे अख्खा चंद्र नव्हे, असं म्हणता आलं असतं. सुरुवातीला त्यांनी काही काळ तसं ताणूनही पाहिलं असेल तर तो मनुष्यस्वभाव. पण पुढच्या मोहिमांचे दगड येत गेले, १९७२ पर्यंत ३८२ किलो, आणि ते ते निबंध वाचत राहिले. निकेलसारख्या, लोखंडाची संगत धरणाऱ्या धातूंची चंद्राच्या कवचातली टंचाई त्यांना निर्णायक वाटली. हे धातू लोखंडाबरोबर खोल गाभ्यात बुडतात. चंद्राला तर मोठा गाभा नाही. मग हे धातू गेले कुठं? कदाचित पृथ्वीच्या गाभ्यात. म्हणजे चंद्राचं द्रव्य पृथ्वीच्याच वरच्या भागातून आलेलं. यूरींनी चंद्र बाहेरून पकडला गेल्याचं स्वतःचं मत सोडलं आणि ज्या कल्पनेला आयुष्यभर विरोध केला तिच्याकडे, हातचं राखून का होईना, वळले: चंद्र पृथ्वीतून फुटून निघाला, ही चार्ल्स डार्विन यांचे पुत्र जॉर्ज डार्विन यांची जुनी कल्पना. हे सगळं वयाच्या ऐंशीच्या आसपास, आणि छापील स्वरूपात.

तीही कल्पना पूर्ण बरोबर नव्हती. पृथ्वी तुकडा फेकण्याइतक्या वेगानं फिरत होती हे गणितात बसत नाही. त्या काळी शास्त्रज्ञांत एक विनोद चाले, की चंद्राच्या उत्पत्तीचा प्रत्येक सिद्धांत इतका अडचणीत आहे की चंद्र नाहीच असं मानणं सोपं. १९७५ मध्ये हार्टमन आणि डेव्हिस यांनी, आणि पुढच्या वर्षी कॅमेरन आणि वॉर्ड यांनी, तिसरा मार्ग सुचवला: कोवळ्या पृथ्वीवर मोठा ग्रह आदळला, उडालेल्या तप्त राडारोड्यातून चंद्र जमला. आदळणाऱ्याचा आकार आता साधारण मंगळाएवढा धरतात. १९८४ मध्ये हवाईतल्या कोना इथल्या परिषदेत हे मत एकदम पुढं आलं. यूरी ५ जानेवारी १९८१ रोजी, ८७ व्या वर्षी, ला होयात वारले होते.

आज चंद्राची आतली रचना बरीच कळली आहे. १७३७ किलोमीटर त्रिज्येच्या या गोळ्याचं कवच सरासरी चाळीसएक किलोमीटर जाडीचं, खाली दगडी प्रावरण, आणि मधोमध सव्वातीनशे किलोमीटर त्रिज्येचा लहानसा लोखंडी गाभा, वस्तुमानाच्या जेमतेम एक-दोन टक्के. पृथ्वीचा गाभा तिच्या वस्तुमानाच्या जवळजवळ एक तृतीयांश आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिणेकडे उतरलं. त्याच्या प्रज्ञान गाडीनं २३ ठिकाणी माती तपासली. ती ॲनॉर्थोसाइटच्या वळणाची निघाली, आणि शिलारसाच्या समुद्राच्या कल्पनेला अपोलो उतरलं त्यापेक्षा फार दूरच्या, ध्रुवाजवळच्या प्रदेशातून दुजोरा मिळाला. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या मंडळींचा तो निबंध ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाण्याच्या बाबतीत मात्र यूरी अगदीच चुकले नव्हते असं म्हणायला जागा आहे. चंद्रावर कधीकाळी पाणी असावं असं ते म्हणत. तळी काही सापडली नाहीत, पण चांद्रयान-१ वरच्या उपकरणानं मातीत पाण्याच्या खुणा टिपल्या, हे २००९ मध्ये जाहीर झालं.

आणि ऑक्सिजन. यूरींच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेचा वारसा पुढं एपस्टाइन यांचे विद्यार्थी रॉबर्ट क्लेटन यांच्याकडे आला. त्यांनी चंद्राच्या दगडांतली ऑक्सिजनची तिन्ही रूपं मोजली. उल्कांचं प्रमाण वेगळं निघतं, मंगळाचं वेगळं. चंद्राचं पृथ्वीशी तंतोतंत जुळलं. चंद्र परक्या गोत्रातला नाही हे ठरलं ते यूरींनी ज्युरासिक शेपटासाठी उभारलेल्या विद्येनं. पण याच आकड्यानं आता यूरींच्या मागून आलेल्यांना अडचणीत टाकलं आहे. ग्रह आदळून चंद्र झाला असेल तर चंद्रात त्या परक्या ग्रहाचा वाटा दिसायला हवा, आणि तो दिसत नाही. कुणी म्हणतं टक्कर फारच जोराची होती आणि दोन्हींचं द्रव्य एकजीव झालं. कुणी म्हणतं आदळणारा पृथ्वीच्याच शेजारचा, तिच्यासारख्याच घडणीचा होता. यावर वाद चालू आहे.